इथिक्स कमिटीवर ‘सामान्य व्यक्ती’ म्हणून बोलावणं आलंय, तिथे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, कोथरूडला राहणाऱ्या एका बाईंना पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या इथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर, ‘सामान्य व्यक्ती’ सदस्य होण्याचं पत्र आलं आहे. महिन्याला एक बैठक आणि त्याआधी घरी येणारा कागदांचा गठ्ठा, असं काम आहे. विज्ञान दहावीनंतर सुटलेलं. त्या विचारतात, ‘डॉक्टर मंडळींसमोर मी काय बोलणार? आणि काही बोलायचंच नसेल, तर मला नुसती सही करायला बोलावलंय का?’

आधी दुसऱ्या शंकेचं बघू. ‘नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९’ प्रमाणे औषधाच्या चाचणीवर निर्णय घेताना बैठकीत पाच प्रकारची माणसं हजर असावी लागतात. एक वैद्यकशास्त्रज्ञ, शक्यतो औषधशास्त्राचा. एक रुग्ण तपासणारा डॉक्टर. एक कायद्याचा जाणकार. एक समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी किंवा त्या प्रकारचं कोणी. आणि एक सामान्य व्यक्ती. म्हणजे दहा प्रोफेसर येऊन बसले आणि सामान्य व्यक्तीची खुर्ची रिकामी राहिली, तर त्या दिवशी त्या चाचणीला मंजुरी देता येत नाही.

याचाच एक गैरवापर होतो, तो पहिल्या दिवसापासून माहीत असावा. बैठक होऊन जाते, कोरम, म्हणजे किमान हजेरी, भरलेला नसतो आणि दोन दिवसांनी शिपाई हजेरीचा कागद घेऊन दारात उभा राहतो. ‘मॅडम, एवढी एक सही राहिली.’ ती सही करायची नाही. ‘विषय पुढच्या बैठकीत घ्या, मी येते,’ एवढंच सांगायचं. संशोधकाचा महिना वाया जाईल, पण खोट्या हजेरीवर उभी राहिलेली मंजुरी पुढे एखाद्या मृत्यूच्या चौकशीत सगळ्यांच्या गळ्याशी येते.

समितीत किमान सात सदस्य हवेत आणि त्यातले निम्मे तरी त्या संस्थेशी संबंध नसलेले हवेत. अध्यक्ष बाहेरचाच असतो, सदस्य-सचिव संस्थेतला असतो. निदान एक सदस्य स्त्री हवी. संस्थेचा प्रमुख समितीत नसावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सामान्य व्यक्तीबद्दल सांगतात ती एवढंच की ती साक्षर असावी, गेल्या पाच वर्षांत वैद्यकीय किंवा आरोग्याच्या क्षेत्रात काम केलेली नसावी, आणि तिला इथली भाषा, रीतिरिवाज ठाऊक असावेत. विज्ञान येत नाही ही तुमच्या जागेची उणीव मानू नका. ती त्या जागेची अट आहे.

होकार देण्याआधी काही कागद मागून घ्या. नेमणूकपत्रात मुदत आणि कामं लिहिलेली हवीत. मुदत साधारण दोन-तीन वर्षांची असते. समितीची कार्यपद्धती ज्या पुस्तिकेत लिहिलेली असते, जिला सगळे ‘एसओपी’ म्हणतात, ती वाचायला घ्या. समितीची नोंदणी कुठे आहे ते विचारा. औषधांच्या चाचण्या तपासायच्या असतील तर केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेकडे, म्हणजे सीडीएससीओकडे, नोंदणी लागते आणि ती पाच वर्षांसाठी असते. बाकीच्या आरोग्य-संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे वेगळी नोंदणी लागते. दोन्ही नोंदण्यांची मुदत तुम्ही स्वतः बघा. गोपनीयतेच्या करारावर आणि हितसंबंधांच्या घोषणेवर तुमची सही घेतली जाईल. ‘जीसीपी’ (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) नावाचं एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. बैठकीचं मानधन घ्यायला हरकत नाही, मंजुरी दिली काय किंवा नाकारली काय, ते तेवढंच असलं पाहिजे. सदस्यावर कायदेशीर बालंट आलं तर संस्था खर्च उचलते का, हे लेखी घ्या. हे विचारण्यात संकोच नको.

आता गठ्ठा. एका औषध-चाचणीचे कागद तीनशे-चारशे पानांचे सहज असतात आणि नवा माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो. तिथेच चुकतं. चाळिसाव्या पानावर तो रेणूंच्या आकृत्यांत अडकतो, आणि रुग्णाला द्यायचं मराठी माहितीपत्रक गठ्ठ्याच्या तळाशी तसंच राहतं. तुम्ही उलट्या टोकानं जा. सगळ्यात आधी मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र वाचा, तेही इंग्रजी न बघता. मग प्रोटोकॉलचा, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचा, दोन-चार पानी सारांश. मग भेटींचा तक्ता, ज्यात कुठल्या दिवशी कुठली तपासणी ते चौकटींत फुल्या मारून दाखवलेलं असतं. मग कोणाला घ्यायचं आणि कोणाला वगळायचं याचे निकष. मग विमा आणि नुकसानभरपाईची कलमं. औषधाच्या आधीच्या इतिहासाचं जाड पुस्तक असतं, त्यातला माणसांवर आढळलेल्या दुष्परिणामांचा भाग तेवढा चाळा. बाकीचं औषधशास्त्रज्ञ बघतील. या क्रमानं एका चाचणीला तीन तास पुरतात. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला अर्धा-पाऊण तास.

मराठी माहितीपत्रकावर मी मुद्दाम जास्त बोलणार आहे, कारण समितीतलं बाकीचं प्रत्येक काम कोणी ना कोणी तुमच्यापेक्षा चांगलं करू शकतं, हे मात्र बहुधा कोणीच करत नाही. डॉक्टर इंग्रजी प्रत वाचतात. मराठी प्रतीला भाषांतराचा आणि उलट भाषांतराचा दाखला जोडलेला असतो, म्हणून ती बरोबर आहे असं धरून चालतात. उलट भाषांतर म्हणजे मराठीवरून दुसऱ्या माणसानं पुन्हा इंग्रजी करायचं आणि मूळ इंग्रजीशी जुळतंय का बघायचं. त्यातून अर्थ बदललेला नाही एवढं कळतं. हडपसरच्या भाजीवालीला तो अर्थ पोचेल का, हे त्यातून कळत नाही. उलट मराठी जितकी शब्दाला शब्द लावलेली, तितकं उलट भाषांतर चांगलं जुळतं.

हे वाक्य बघा. अशी वाक्यं जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात असतात. ‘या अभ्यासात आपणास यादृच्छिकीकरणाद्वारे दोन उपचारगटांपैकी एका गटात नियुक्त केले जाईल व आपण कोणत्या गटात आहात हे आपणास वा संशोधकास ज्ञात असणार नाही.’ व्याकरणात काही चूक नाही, पण कळत काहीच नाही. त्याऐवजी असं हवं: ‘तुम्हाला नवीन औषध मिळेल की तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळेल, हे चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवेल. कोणाला काय मिळालं हे तुम्हालाही कळणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही कळणार नाही. तातडीची गरज पडली तर ते लगेच उघडून बघता येतं.’ समितीला पत्र लिहिताना ‘भाषा सोपी करा’ असा शेरा मारू नका. त्याचा काही उपयोग होत नाही. पान क्रमांक, ओळ, आणि तुमचं पर्यायी वाक्य लिहून द्या.

काही शब्द साधे दिसतात आणि तेच फसवतात. ‘तपासणी’ हा त्यातला सगळ्यात वाईट. ‘या तपासणीत तुम्हाला सहभागी करून घेत आहोत’ म्हटलं की माणसाला वाटतं, आपली प्रकृती तपासतायत. ‘अभ्यास’ हाही पुसट शब्द आहे. पहिल्याच ओळीत ‘हे संशोधन आहे, हा तुमच्या आजारावरचा नेहमीचा उपचार नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं हवं. ‘मोफत उपचार’ असं कुठे असेल तर काय काय मोफत, ते खाली लिहायला लावा. बऱ्याचदा चाचणीचं औषध आणि चाचणीच्या रक्ततपासण्या तेवढ्या मोफत असतात आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या रुग्णानं विकतच घ्यायच्या असतात. ‘आपण केव्हाही माघार घेऊ शकता’ हे तर ठरलेलं वाक्य. माघार आपल्याकडे हरणारा घेतो. ‘कधीही नको म्हणू शकता, कारण सांगायची गरज नाही, आणि नको म्हटलं तरी इथले तुमचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत,’ असं लिहिलं तर ते हक्कासारखं वाटतं. औषध नसलेली गोळी दिली जाणार असेल, तर तिचा आजारावर काही परिणाम होणार नाही हे वाक्य नियमानंच लागतं. नवीन औषधाचाही गुण येणार नाही अशी शक्यता आहे, हेही.

आकडे घरच्या मापात आणा. ५ मिली रक्त म्हणजे एक चहाचा चमचा. दर भेटीला १५ मिली आणि भेटी बारा, तर एकूण १८० मिली. एका वेळच्या रक्तदानात साधारण ३५० मिली घेतात, त्याच्या निम्म्याला हे पोचलं. माहितीपत्रकात ‘दर वेळी थोडेसे रक्त’ एवढंच असेल तर ही बेरीज तुम्ही करा आणि बैठकीत वाचून दाखवा. ‘१ टक्का प्रकरणांमध्ये’ ऐवजी ‘शंभरातल्या एकाला’ लिहायला लावा.

लांबीही मोजा. अठरा पानी माहितीपत्रक, पानाला साडेतीनशे शब्द धरले तर सहा हजार तीनशे शब्द. समजावत, मोठ्यानं वाचायला किमान तास लागतो. संशोधकाला विचारा की ओपीडीत हा तास कोण देणार, कुठल्या खोलीत, आणि रुग्णाला कागद घरी नेऊन मुला-सुनेला विचारायची मुभा आहे का. आपल्याकडे बहुतेक रुग्ण ‘डॉक्टर, तुम्ही सांगाल तसं’ म्हणतात आणि सही कुठे करायची तेवढं विचारतात. हा विश्वास अनमोल आहे, पण ती संमती होत नाही. ज्या डॉक्टरच्या हातात उपचार आहेत त्यानंच संमती मागितली तर रुग्णाला नाही म्हणणं जड जातं, म्हणून शक्य तिथे समजावून सांगायला दुसरं माणूस असावं असा आग्रह धरा.

संमतीपत्राच्या शेवटी रुग्णाचा पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव-नातं अशा जागा असतात. टपाल खात्यात बचतपत्रांवर काम केलेल्या माणसाला नॉमिनीची रिकामी जागा पुढे काय करते हे सांगायला नको. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला, हे त्या ओळीवरून ठरतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा, आणि तो अंगठ्यापुरता येऊन चालत नाही. सगळं समजावून सांगत असताना सुरुवातीपासून हजर हवा. त्या चाचणीची नर्स किंवा समन्वयक हे निःपक्ष नव्हेत. पूर्णपणे नव्या रेणूची चाचणी असेल आणि सहभागी दुर्बल गटातले असतील, तर संमतीची दृक्‌श्राव्य नोंद ठेवणं बंधनकारक आहे. सही झालेल्या कागदाची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. आणि माहितीपत्रकावर समितीच्या सदस्य-सचिवांचा जो फोन नंबर दिलेला असतो, तो एकदा तुमच्या घरून लावून बघा. दुपारी चारला कोणी उचलतं का? रुग्णाची तक्रार त्याच वाटेनं येणार आहे.

चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांत उत्तर भारतातले कामगार आहेत, शहरात कन्नड आणि तेलुगू बोलणारी कुटुंबं आहेत. संशोधक त्यांना घेणार असेल तर त्या-त्या भाषेची प्रत समितीसमोर आलेली हवी. मराठी प्रत समोर ठेवून तोंडी हिंदीत सांगू, हे चालत नाही.

भेटींच्या तक्त्यावरून दुसरा हिशेब करा, तो पैशाचा. दापोडीहून ससूनला येणारी घरकाम करणारी बाई सकाळची भेट असली की दोन-तीन घरची कामं बुडवते. आठ भेटींत तिचे आठ खाडे होतात. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी भरून देणं योग्यच आहे, आणि ती रक्कम, ती कधी मिळणार, हे माहितीपत्रकात हवं. चूक दोन बाजूंनी होते. कुठे ‘प्रवासखर्च देण्यात येईल’ एवढंच लिहून शेवटच्या भेटीपर्यंत पैसे अडवून ठेवतात, म्हणजे मधे सोडून जाणाऱ्याला काहीच नाही. कुठे रक्कम एवढी मोठी ठेवतात की गरजू माणूस धोका न बघता सही करतो. भेटीगणिक, त्याच दिवशी, आणि खर्च-खाड्याच्या जवळपास, हा बरा मार्ग.

भरपाईचा भाग कोरडा दिसतो, पण वगळू नका. गंभीर घटना घडली, म्हणजे मृत्यू, अपंगत्व, रुग्णालयात भरती वगैरे, तर संशोधकानं २४ तासांच्या आत औषध नियंत्रकांना, प्रायोजकाला (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला) आणि तुमच्या समितीला कळवायचं असतं. मग १४ दिवसांत त्याचा सविस्तर विश्लेषण-अहवाल यायचा. समितीनं ती घटना चाचणीमुळे घडली का आणि भरपाई किती असावी यावर आपलं मत, बातमी मिळाल्यापासून ३० दिवसांत नियंत्रकांकडे पाठवायचं. म्हणजे महिन्यातून एकदा भरणाऱ्या बैठकीची वाट बघत बसलं तर मुदत टळते. म्हणून चांगल्या समित्या यासाठी वेगळी उपसमिती ठेवतात आणि तिची बैठक तातडीनं बोलावतात. तुमच्या समितीत तशी सोय आहे का, हे एसओपीत बघा.

मृत्यूच्या भरपाईचं सूत्र नियमांत दिलेलं आहे: आठ लाख गुणिले वयाचा गुणक गुणिले धोक्याचा गुणक, भागिले ९९.३७. पासष्ट किंवा त्याहून जास्त वयासाठी वयाचा गुणक ९९.३७ हाच आहे, त्यामुळे उदाहरण सोपं होतं. अशी व्यक्ती चाचणीत येताना निरोगी असेल तर धोक्याचा गुणक ४ आणि भरपाई ३२ लाख. मध्यम धोका धरला तर गुणक २, भरपाई १६ लाख. सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नव्हती असं धरलं तर गुणक ०.५ आणि भरपाई ४ लाख. आता लक्षात येईल की वाद कुठे होतो. मृत्यूनंतर कागदावर रुग्णाचा आजार आधीपासून किती बळावलेला होता हे रंगवून सांगण्यात कोणाचा तरी फायदा असतो. त्यावेळी विचारा: चाचणीत घेताना, पहिल्या दिवशीच्या नोंदीत, याच रुग्णाची प्रकृती कशी लिहिली होती? तो कागद समोर ठेवायला लावा.

औषधांच्या चाचण्या गाजतात, पण वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीचा मोठा वेळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत जातो. एका बैठकीत चाळीस-पन्नास प्रबंध येतात आणि प्रत्येकाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. यातले धोके लहान असतात, पण ठरलेले असतात. आधीच नमुने गोळा करून झालेले असतात आणि मंजुरी मागच्या तारखेनं हवी असते. ती देता येत नाही. ‘नेहमीच्या तपासणीतलंच उरलेलं रक्त वापरणार’ असं लिहिलेलं असतं आणि खाली पद्धतीत दोन मिली जास्तीचं घेतलेलं दिसतं. सहभागी म्हणून पहिल्या वर्षाचे विद्यार्थी घेतलेले असतात आणि विचारणारे त्यांचेच परीक्षक. प्रश्नावली मराठी रुग्णांना विचारायची असते आणि जोडलेली प्रत फक्त इंग्रजीत. एवढ्या चार गोष्टी पकडल्या तरी दिवस सार्थकी लागतो. जुन्या केसपेपरांवरचा, नावं काढून टाकलेला अभ्यास असेल तर संमती माफ करता येते. तिथे विनाकारण अडवू नका.

मुलाखती आणि प्रश्नावल्या यांत सुई नाही, रक्त नाही, म्हणून समितीत सगळे सैल बसतात. तिथे तुम्ही सावध राहा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या नैराश्याचा अभ्यास, हा पुण्यात कोणालाही सुचेल असा विषय. प्रश्नावली बहुधा नैराश्य मोजणारी ‘पीएचक्यू-९’ असते आणि तिचा नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ही प्रश्नावली ऑनलाइन फॉर्मवर टाकली आणि उत्तरं तीन महिन्यांनी एकदम उघडायची असं ठरलं, तर एखाद्या मुलानं ‘जवळजवळ रोज’ लिहिलेलं तीन महिने कोणी वाचणारच नाही. म्हणून विचारायचं: नवव्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी कोण बघणार? मूल गावाकडून आलेलं, कॉटबेसिसवर राहणारं. त्याच्याशी कोण बोलणार, कुठल्या मानसोपचारतज्ज्ञानं वेळ द्यायचं कबूल केलंय? १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फॉर्मच्या शेवटी छापणं चांगलंच, पण तेवढ्यानं जबाबदारी संपत नाही. फॉर्म निनावी असेल तर त्या मुलापर्यंत पोचताच येणार नाही, मग तो प्रश्न विचारावा का, यावर बैठकीत खुली चर्चा व्हायला हवी. आणि अभ्यासिकेच्या मालकानं परवानगी दिली म्हणजे मुलांनी दिली, असं होत नाही.

हाच मुद्दा बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीतल्या संशोधनात अजून तीव्र होतो. घरवालीला, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईला, विचारून बायकांना मुलाखतीला पाठवलं, तर त्यांचा होकार कोणाचा? दिलेले पैसे शेवटी कोणाच्या हातात जातात? इथे संमतीपत्रावरची सहीच घातक ठरू शकते, कारण त्या बाईचं नाव संशोधनाशी जोडणारा तो एकमेव कागद असतो. अशा वेळी समिती सहीची अट माफ करून साक्षीदारासमोर तोंडी संमती मान्य करू शकते. गटचर्चा असेल तर ‘तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही’ असं वचन संशोधकानं देऊच नये. खोलीतल्या इतर सात जणींची हमी तो देऊ शकत नाही.

दुसऱ्यानं दिलेली परवानगी आणि स्वतःची संमती यांतला फरक विसरला की काय होतं, ते देशानं पाहिलेलं आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत २००९ मध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. आंध्रात कितीतरी संमतीपत्रांवर आई-वडिलांऐवजी वसतिगृहांच्या वॉर्डननी, मुख्याध्यापकांनी सह्या केलेल्या निघाल्या. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक अहवाल दिला. पुण्यातल्या शाळांमधून येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावावर हा प्रश्न लागू पडतो. शाळेची परवानगी दाराशी जाण्यापुरती. त्यानंतर पालकांची संमती, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार. बारापर्यंत तोंडी चालतो, पुढे लेखी. ‘आठवड्यात कळवलं नाही तर पालकांची हरकत नाही असं समजू’ अशी चिठ्ठी म्हणजे संमती नव्हे.

किशोरवयीन मुलांना शरीरसंबंधांविषयी विचारायचं असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, आठवा. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, संशोधकावरही. मग ‘सगळं गुप्त राहील’ हे माहितीपत्रकातलं वाक्य खोटं ठरतं. काय गुप्त राहील आणि काय कळवावं लागेल, हे मुलानं तोंड उघडण्याआधी त्याला सांगितलेलं हवं.

लांब चालणाऱ्या संशोधनात आणखी एक गोष्ट. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला, आणि तेव्हा पोटात असलेली मुलं आज मोठी माणसं आहेत. अशा प्रकारचा प्रस्ताव आला की मूल अठरा वर्षांचं होताच त्याची स्वतःची संमती कधी आणि कशी घेणार, आणि ‘नको’ म्हणालं तर आधीच्या नमुन्यांचं काय करणार, हे लिहून घ्या. साठवलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी वापरायला वेगळी खूण करायची चौकट हवी. मुख्य संमतीच्या पोटात ती दडवलेली नसावी.

बैठकीत बोलायचं कसं, हा खरं तर तुमचा पहिला प्रश्न होता. तुमचे मुद्दे आदल्या दिवशी सदस्य-सचिवांना लेखी पाठवा, म्हणजे वेळ नाही या सबबीवर ते राहत नाहीत. ‘मला विज्ञानातलं कळत नाही, पण’ अशी सुरुवात करू नका. त्या ‘पण’नंतरचं कोणी ऐकत नाही. ‘पान चार, तिसरी ओळ. हे वाचून रुग्णाला काय कळेल?’ असं थेट विचारा. संशोधकालाच विनंती करा की मी रुग्ण आहे असं समजून दोन मिनिटांत मराठीत समजावून सांगा. ज्याला ते जमत नाही त्याची संमती-प्रक्रिया कागदावरच राहणार, हे सगळ्या खोलीला कळतं. एखाद्या सदस्याचाच प्रस्ताव असेल तर चर्चेच्या आणि निर्णयाच्या वेळी त्यानं बाहेर जायचं, आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. प्रबंधाचा मार्गदर्शक समितीत असेल तरी हेच. निर्णय शक्यतो एकमतानं होतात, पण पटलं नाही तर तुमची असहमती कारणासह नोंदवायला सांगा आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना ती ओळ आहे का बघा.

मंजुरीच्या पत्रात कुठल्या कागदाची कितवी आवृत्ती, कुठल्या तारखेची, हे लिहिलेलं असतं. ते बारकाईनं बघा, कारण पुढचं काम त्याच्यावर चालतं. मंजुरी दिली की समितीचं काम संपत नाही. वर्षातून निदान एकदा प्रगती बघावी लागते आणि काही जागांना भेट द्यावी लागते. चाचणीच्या जागेची स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या समितीनं ती तपासायला दोन्ही एकाच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या आत असावी लागतात. तळेगावच्या रुग्णालयाची चाचणी पुण्याची समिती बघू शकते, साताऱ्याची नाही.

पहिल्या भेटीला जाल तेव्हा सही झालेली दहा संमतीपत्रं मागा. सहीची तारीख आणि वेळ बघा आणि त्याच रुग्णाच्या पहिल्या रक्तनमुन्याची वेळ शेजारी ठेवा. रक्त सव्वानऊला आणि सही साडेदहाला असेल तर ते तिथेच लिहून घ्या. आवृत्ती मंजुरीच्या पत्राशी जुळते का, रुग्णाच्या सहीसमोरची तारीख त्याच्याच अक्षरात आहे का, सगळ्या अंगठ्यांना एकच साक्षीदार आहे का, वारसदाराची ओळ भरलेली आहे का, एवढं बघायला तासभर पुरतो.